आईच्या आईचे माहेर

अलिबागेत सरकारी कचेऱ्यांच्या वाटेवर माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. वाणिज्य शाखेची पदवी, इतिहासाचा एकही पेपर दिलेला नाही. इतिहासाची गोडी लागली ती या दुकानात, लोकांचे अर्ज भरता भरता. जातपडताळणीसाठी ओबीसी उमेदवाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०चा. तो पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात नाहीतर गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात सापडतो. त्याची जुनी पाने मोडीत. म्हणून मोडी शिकलो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर दुकानापेक्षा मोडीच्या कागदांपुढे मी जास्त बसलो.

गेल्या डिसेंबरात इस्राएलमधल्या अश्दोद शहरातून एका तरुणाचा फोनवर निरोप आला. हिब्रूतून यंत्राने केलेल्या मराठीत. त्याला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वासाठी अर्ज करायचा होता. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, त्याच्या मुलाला, नातवंडाला आणि पतवंडालाही असा अर्ज करता येतो. त्याची आजी अलिबाग तालुक्यातली. जन्म १९४२चा. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीने गेली. तिच्याकडे भारतातला एकही कागद उरलेला नव्हता.

त्याने विचारलेला प्रश्न साधा होता: माझी आजी भारतीय होती हे कसे सिद्ध करायचे?

मी आजीबाईंना फोन केला. ब्याऐंशी वर्षांच्या. मराठी आपल्या अष्टागरातली, मध्येच हिब्रू शब्द. त्यांनी मला सारे ऐकून घेतल्यावर म्हटले, "बाबा, साठ वर्षांपूर्वी तिकडच्या कचेरीत मला उलटं विचारलं होतं. तुझी आजी खरी यहुदी कशावरून? आता माझ्या नातवाला विचारतात, तुझी आजी खरी भारतीय कशावरून? बाई एकच. नेमकं काय सांगायचं?"

हा लेख त्या दोन प्रश्नांविषयी आहे.

*

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. अलिबागच्या उत्तरेला नवगाव. तिथल्या दफनभूमीत बेने इस्राएल लोकांचे स्मारक आहे. समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी एक गलबत इथे फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथे पुरले. हाईम सॅम्युएल किहीमकर या समाजाच्या पहिल्या इतिहासकाराने हा काळ इसवीसनापूर्वी १७५च्या सुमाराचा मानला. त्यांचे हस्तलिखित १८९७ साली पुरे झाले आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापले गेले. परंपरेप्रमाणे गलबताबरोबर धर्मग्रंथही बुडाले. म्हणजे या समाजाच्या स्वतःच्या कथेत कागद पहिल्याच दिवशी गेलेले आहेत.

उरले ते आठवणीत राहील एवढेच: सुंता, खाण्यापिण्याचे नियम, 'शेमा'ची प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. आडनावे गावांची पडली: किहीमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, चेऊलकर, आष्टमकर. पुरुषांची नावेही कोकणी वळणाची झाली. सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी, एलियाहूचा एलोजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत समाजी हसाजी होते. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथेही सिनेगॉग उभी राहिली. अलिबागेतले 'मागेन आबोथ' ज्या आळीत आहे तिला आजही इस्राएल आळी म्हणतात, तिथे राहणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी राहिली असली तरी.

१९४८ नंतर हा समाज निघाला. इस्राएलने ५ जुलै १९५० रोजी परतीचा कायदा केला: कोणताही यहुदी येऊन स्थायिक होऊ शकतो. १९५२च्या नागरिकत्व कायद्याने अशा येणाऱ्याला नागरिकत्वही दिले. कोकणातली कुटुंबे याच वाटेने गेली. वाट सुखाची नव्हती. १९५१-५२ साली बीरशेबा आणि तेल अवीवमध्ये काही बेने इस्राएलांनी रंगावरून भेदभाव होतो म्हणून ठिय्या दिला, परत भारतात पाठवा अशी मागणी केली, आणि एप्रिल १९५२ मध्ये शंभरावर लोक विमानाने परत आलेदेखील. त्यातले बरेच जण पुढे पुन्हा तिकडे गेले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती अनेकदा उलटसुलट सांगितली जाते. नागरिकत्व देताना बेने इस्राएलांची अडवणूक झाली नाही. अडचण आली ती पुढच्या अर्जावर, लग्नाच्या. इस्राएलमध्ये यहुद्यांचे लग्न धर्मपीठाकडेच नोंदवावे लागते, नागरी नोंदणी नाही. पासपोर्ट मिळाला, मतदान मिळाले, पण दुसऱ्या यहुदी गटातल्या माणसाशी लग्न करायला गेल्यावर काही रब्बी नोंद करायला तयार होईनात.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने ठरवले की बेने इस्राएलांशी लग्नाला बंदी करण्याचे कारण नाही. प्रश्न मिटला असे वाटले. मग १९६२च्या सुरुवातीला नोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या, आणि त्यांत ते प्रश्न होते. अर्जदाराची आई, तिची आई, तिची आई, जितके मागे जाता येईल तितके जाऊन बघा, की त्या यहुदी होत्या की त्यांच्या घराण्यात परधर्मीयांची किंवा धर्मांतरितांची मिसळ होती. आणि आईवडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले होते का, किंवा निषिद्ध नात्यात लग्न झाले होते का. शंका नसेल तर नोंद करा. शंका असेल तर धर्मन्यायालयाकडे पाठवा.

आमच्या आजीबाई १९६३ साली एकवीस वर्षांच्या होत्या. मुलगा मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातला. त्यांना हेच विचारले गेले.

*

आता कोकणातल्या माणसाने या प्रश्नांकडे बघावे. पहिला प्रश्न आईच्या वाटेने मागे जातो. आपला प्रत्येक कागद बापाच्या वाटेने जातो. सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला, कोतवाल बुक, सगळीकडे नाव, बापाचे नाव, आडनाव. आईचे नाव अगदी अलीकडेपर्यंत बहुधा कुठेच नव्हते. तुम्ही म्हणाल, हिब्रू कागद वेगळे असतील. तेही तसेच. यहुदी विवाहपत्रात, म्हणजे केतुबात, वधू 'अमक्याची मुलगी' म्हणून येते, म्हणजे बापाचीच. कबरीवरच्या हिब्रू ओळीतही तेच. धर्म आईकडून येतो असे मानणाऱ्यांनीही आईचे नाव लिहून ठेवलेले नाही.

दर पिढीला आईचे आडनाव बदलते. आडनाव गावाचे असल्याने आईची वाट म्हणजे माहेरांची वाट. आजीबाईंनी त्या दिवशी कचेरीत तेच सांगितले होते: आई मुरूडची, आईची आई म्हसळ्याची, तिची आई रेवदंड्याची. त्यापुढे त्यांना ठाऊक नव्हते. समोरच्याने विचारले, त्याआधी? त्या म्हणाल्या, नवगाव. समोरच्याने ते लिहून घेतले नाही.

शिवाय मुरूड आणि म्हसळा हे तेव्हा जंजिरा संस्थानात. नबाबाच्या मुलखातला जन्म, १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि ज्या कुलाबा जिल्ह्यात ते आले त्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड. 'जन्मठिकाण' या एका रकान्यात एकाच घरातल्या तीन बायकांची तीन उत्तरे, आणि तिन्ही खरी.

दुसरा प्रश्न घटस्फोटाचा. तो का विचारला हे समजून घेतले की चीड थोडी कमी होते आणि आश्चर्य वाढते. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट नवऱ्याने विधिवत लिहून दिलेल्या पत्राने होतो. ते पत्र चुकीचे असेल तर बाई अजून पहिल्याचीच बायको, आणि तिची दुसऱ्या लग्नाची मुले यहुद्यांत लग्नाला अपात्र, पिढ्यानपिढ्या. तसेच निपुत्रिक विधवेला पुन्हा लग्न करायचे तर आधी दिराकडून विधिवत मोकळीक घ्यावी लागते. शंका अशी, की ग्रंथ बुडालेल्या, शेकडो वर्षे रब्बीविना राहिलेल्या या लोकांना हे विधी ठाऊक होते का?

नव्हते ठाऊक. पण किहीमकरांचे पुस्तक वाचा, किंवा १८८३चे कुलाबा गॅझेटियर काढून कोकणातल्या रीतीभाती बघा. बेने इस्राएलांनी शेजारच्या वरिष्ठ मानल्या जाणाऱ्या जातींची एक रीत उचलली होती: विधवेचे पुन्हा लग्न लावायचे नाही. घटस्फोटही जवळजवळ नव्हता. म्हणजे ज्या विधींच्या चुकीची भीती, ते विधी करण्याची वेळच येत नव्हती. धर्मशास्त्राच्या कसोटीवर हे कुटुंब निर्दोष ठरते ते कोकणातल्या विधवांच्या वाट्याला आलेल्या रीतीमुळे. आजीबाईंची एक आत्या सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि भावाच्या घरी सत्तराव्या वर्षी वारली. प्रश्न विचारणाऱ्याच्या हिशेबी ती आत्या म्हणजे कुटुंबाच्या बाजूचा पुरावा. मला हे सांगताना त्या थांबल्या. मीही पुढे विचारले नाही.

मिसळीचा प्रश्न त्याहून अवघड, कारण तो समाजाने स्वतःलाही विचारलेला होता. बेने इस्राएलांत गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन भाग होते. स्थानिक बाईपासून झालेली संतती ती काळा. दोघांत रोटीबेटी नव्हती. जात ही आपल्या मातीतली गोष्ट, ती त्यांनीही घेतली. म्हणजे १९६२ साली 'आमच्यात मिसळ नाही' याचा सर्वात जोरदार पुरावा कोणता, तर ज्यांना आम्ही पंगतीत वेगळे बसवले ती माणसे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण वरून आलेला प्रश्न अन्यायाचा म्हणायचा आणि आपण खाली विचारलेला तोच प्रश्न विसरायचा, हे संशोधनाला शोभत नाही. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनीही एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांविषयी हीच शंका घेतली होती, आणि रंगूनच्या सिनेगॉगमधील हक्कांवरून १९३०च्या दशकात प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले. निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला.

इस्राएलमधला वाद मात्र रस्त्यावर सुटला. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबे जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांच्या संसदेचे, क्नेसेटचे, खास अधिवेशन झाले. लेवी एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच आहेत असा ठराव झाला आणि धर्मपीठाला भेदभाव दूर करायला सांगितले गेले. त्या महिन्याच्या अखेरीस सूचनांतून 'बेने इस्राएल' हे नाव काढून टाकण्यात आले. शंका असल्यास चौकशी करा, एवढे कायम राहिले, पण ती आता कोणाचीही. आजीबाईंचे लग्न त्या हिवाळ्यात झाले. त्या म्हणतात, "प्रश्न तेच होते. फक्त आता सगळ्यांना होते. तेवढं पुरलं."

२०१६ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी आणि भारतीय दोन्ही वारसे ठळक दिसले, मिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, आणि यहुदी वारशात पुरुषांचा, स्थानिक वारशात बायकांचा वाटा अधिक. ज्या आईच्या वाटेने १९६२ साली चौकशी करायची होती, ती वाट मागे जात जात कोकणातच पोहोचते. धर्मशास्त्राचा निवाडा जनुकांवर ठरत नाही, धर्म स्वीकारलेली बाईही पूर्ण यहुदीच मानली जाते, म्हणून या अभ्यासाने कोणाचे काही हिरावले जात नाही. पण 'जितके मागे जाता येईल तितके' हे शब्द लिहिणाऱ्याने आपण कुठवर जाऊ शकतो याचा विचार केला नसावा.

*

आता नातवाचा अर्ज. मी कोतवाल बुक शोधले. १९४२च्या पानावर आजीबाईंच्या वडिलांचे नाव मिळाले, मोडीत, शाई उडालेली. मुलाच्या नावाच्या जागी नुसते 'मुलगी'. बारशाआधी नोंद होई, त्यामुळे अशा नोंदी शेकड्याने सापडतात. आणि जातीच्या रकान्यात: तेली. शनवारही नाही, इस्राएलही नाही.

ही नोंद आजीबाईंचीच कशावरून? त्या गावात हिंदू तेल्यांचीही घरे होती. दोन वर्षांनंतरच्या पानावर त्याच बापाला मुलगा झाल्याची नोंद होती, तिथे जात लिहिली होती 'इस्राएल'. लिहिणारे अक्षर वेगळे. म्हणजे गाव तेच, घर तेच, फक्त लिहिणारा बदलला. पहिल्याने धंदा लिहिला, दुसऱ्याने समाज. गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलीचे नाव, १९४२चीच जन्मतारीख आणि 'बेने इस्राएल' अशी जात मिळाली. तीन कागद एकमेकांना लावले की साखळी पुरी होते. २६ जानेवारी १९५० रोजी ही मुलगी याच गावात राहत होती, इथेच जन्मली होती. घटनेच्या पाचव्या कलमाप्रमाणे ती त्या दिवशी भारताची नागरिक झाली. पुढे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आल्यावर, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्याने, तिचे भारतीयत्व गेले. पण नातवासाठी तो एक दिवस पुरेसा होता.

तरी मी पहिला कागद पाठवायला कचरत होतो. इथल्या अर्जासाठी 'तेली' चालते, उलट त्याहून भारतीय पुरावा कोणता? पण कागद एकदा घरात गेला की घरातच राहतो. उद्या त्या कुटुंबातल्या एखाद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणी पुन्हा मागची चौकशी काढली, आणि आजीच्या जन्मनोंदीत जात 'तेली' निघाली तर? भारतातल्या हिंदू जातीचे नाव. मीच पुरावा शोधून द्यायचा आणि तोच त्यांच्या विरुद्ध जायचा. दुसरी नोंद आणि शाळेचे रजिस्टर एवढ्यावर भागवावे असेही मनात आले. ते खोटे ठरले नसते. फक्त अपुरे.

मी आजीबाईंना विचारले. मध्ये थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "तेल काढत होतो ना आपण? मग लिही तेली. आमच्यातले शिकलेले लोक त्या नावाला लाजायचे. माझा बाप लाजला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून सावकाराची बोलणी खायचा."

मी तिन्ही कागदांच्या प्रती काढल्या, मोडीचे देवनागरी लिप्यंतर केले आणि एक पानाचे टिपण जोडले: या भागात बेने इस्राएलांना त्यांच्या धंद्यावरून शनवार तेली म्हणत, गाव नमुन्यात तो शब्द कधी अर्धा, कधी पुरा येतो, आणि या कुटुंबाच्या दोन नोंदींत तो कसा बदलतो. अंदाज एकही लिहिला नाही. जिथे मुलीचे नाव नाही तिथे 'नाव नमूद नाही' असेच लिहिले. चार महिन्यांनी नातवाने कार्डाचा फोटो पाठवला.

*

सरकारी अर्जातला मागचा-पुढचा प्रश्न हा प्रश्न विचारणाऱ्याच्या समाजाविषयी बरेच सांगतो. धर्मपीठाला भीती होती ती घटस्फोटाची, कारण त्यांच्या ग्रंथांत त्याची चर्चा आहे. आपल्या कचेरीला हवी असते ती बापाची जात, कारण आपल्या कागदांत तेवढीच आहे. उत्तर देणारा मात्र दोन्हीकडे सारखाच अडकतो: त्याला विचारतात ते त्याच्या घरात कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि घरात जे सांगितले जाते त्याला रकाना नसतो. मुरूड, म्हसळा, रेवदंडा ही आजीबाईंची माहेरांची माळ दोन्ही देशांच्या एकाही फाइलीत नाही. ती त्यांना आईने सांगितली होती, मलिद्याच्या ताटाशी बसून, एलियाहू हनबीचे नाव घेता घेता.

टिपण पाठवल्यावर त्या रात्री मी माझा कुलवृत्तांत काढला. बापाच्या बाजूने नऊ पिढ्या, सगळी नावे. बायकांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एक नाव, तेही सासरचे, माहेर रिकामे. माझ्या आईचे माहेर नागाव. आईच्या आईचे चौल, एवढे ठाऊक आहे. तिच्या आईचे माहेर कोणते हे मला सांगता आले नाही. मला १९६३ साली त्या कचेरीत उभे केले असते तर मी दुसऱ्याच पायरीवर थांबलो असतो, आणि मला कोणी गलबतातून आलेला म्हणत नाही.

नागावला माझे एक मामा आहेत, नव्वदीतले, अजून बोलतात. या भाऊबीजेला आई त्यांच्याकडे जाईल तेव्हा मी वही घेऊन बरोबर जाणार आहे.